तान्ह्या पोळ्यातला रिमोटचा बैल

मी नागपुरात मोबाईल टॉवरचे सिग्नल दुरुस्त करण्याची नोकरी करतो, आणि यंदाच्या तान्ह्या पोळ्याला मला स्वतःच्या लेकीचा लाकडी बैल वीतभरही हलवता आला नाही.

तान्हा पोळा म्हणजे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा. पोरं चाकांवरचा लाकडी बैल सजवतात, दोरीनं ओढत तोरणापाशी आणतात; उत्तम बैलाला बक्षीसही असतं. मानाचा बैल आधी तोरणाखालून गेला की पोळा फुटतो, आणि मग सगळी पोरं घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला सुटतात. एक बैल, एक दोरी. इतकं सरळ काम! पण आमच्या घरात इंजिनियर आहे ना! (तो मीच.)

"दोरीनं काय ओढते वं?" मी लेकीला, गार्गीला म्हणालो. "आपला बैल आपल्या पायानं चालन!"

इतवारीच्या बाजारातून रिमोटची कार आणली, तिचं वरचं झाकण काढलं आणि खालच्या सांगाड्यावर बैल स्क्रूनं घट्ट बसवला. हॉलमध्ये तो असा सुसाट पळाला की माझी बायको वर्षा किंचाळून सोफ्यावर चढली. गार्गीनं त्याच संध्याकाळी कॉलनीभर जाहीर केलं, "माझा बैल बिना दोरीचा येणार!" कमिटीच्या भोयरकाकांचा नातू म्हणाला, "हट्! फेकून राहिली." त्यावर पोरीनं आईशपथ घेतली. आता आईशपथ म्हणजे मामला गंभीर. बैल चालला नाही तर वर्षभर तिला कॉलनीत तोंड दाखवायची सोय नव्हती.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी सजावट मी स्वतःच्या हातात घेतली. (इथेच कोणीतरी मला खोलीत कोंडायला हवं होतं.) कारच्या एरियलची वायर मागे शेपटीसारखी लोंबत होती. बैलाला दोन शेपट्या कशा चालतील? मी ती वर ओढून शिंगाला गोल गोल गुंडाळली. शिंगांना बेगड हवीच, पण दुकानातली बेगड संपलेली. मग स्वयंपाकघरातली पराठे गुंडाळायची फॉइल घेतली आणि दोन्ही शिंगं अशी मढवली की बघत राहावं! वर झूल, घुंगरू, कपाळाला गोंडा. बैल नवरदेव दिसत होता. पुन्हा चालवून बघायची मला काही गरज वाटली नाही. काल पळाला होता ना!

संध्याकाळी मैदानात हीऽ गर्दी. गार्गीनं बैल रांगेत ठेवला आणि दोन्ही हात वर करून दाखवले, दोरी नाही म्हणून. मी ऐटीत रिमोट काढून खटका पुढे ढकलला.

बैल ढिम्म.

"बाबा, काहून नाही चालून राहिला?"

"चालते, चालते. गरम होऊन राहिला."

मी सेल काढले, फुंकले, पॅन्टला पुसले, परत घातले. ढिम्म. सेल उलटे घातले. (दुसरं काय करणार!) ढिम्म. रिमोट डोक्यावर धरून एका पायावर उभा राहिलो. भोयरकाका आले. "काय गा, बैल बिमार आहे का तुझा? मानाचा बैल खोळंबला तिकडे."

"इंटरफेरन्स आहे काका, इंटरफेरन्स!" मी खेकसलो आणि सरळ माइक हिसकावला. "सगळ्यांनी आपापले मोबाईल बंद करा! ताबडतोब!"

पोरांचे व्हिडिओ काढणाऱ्या बायका माझ्यावर अशा खवळल्या की विचारू नका. पण केले बाबा बंद. बैल ढिम्म. मग मी लाउडस्पीकर बंद करायला लावला. मैदान चिडीचूप. बैल त्याहून चूप! शेवटी मी पलीकडच्या टॉवरकडे बोट दाखवलं. "तो टॉवर गडबड करून राहिला."

"तो तर तूच सांभाळतो ना गा?" भोयरकाका म्हणाले.

गार्गीचे डोळे भरले होते. नातू दात काढत होता. मला त्या बैलाला लाथ घालावीशी वाटत होती. खटका मी अंगठ्यानं पुढे दाबूनच धरला होता, सगळ्या जन्माचा राग काढत.

वर्षा शांतपणे बैलाजवळ बसली. "अहो, याची ती लांब वायर कुठे गेली?"

"शिंगाला गुंडाळली."

"अन् तिच्यावरून?"

"फॉइल," मी म्हणालो. म्हणालो आणि माझं मलाच ऐकू आलं: फॉइलच्या आत सिग्नल पोचतच नाही! पण कबूल कोण करतो! "त्यानं काही फरक नाही पडत, तुला त्यातलं काय..."

तिनं नखानं फॉइल टर्रकन ओरबाडून काढली.

माझा अंगठा खटक्यावरच होता. बैल जो उधळला! घुंगरं वाजवत, मानाच्या बैलाला आडवा पाडत, तोरणाखालून आरपार! अख्खं मैदान ओरडलं, "पोळा फुटलाऽऽ!" आणि सगळी पोरं आपापले बैल उचलून बोजारा मागायला पसार. मागे भोयरकाका ओरडतायत, "अरे थांबा! भाषण राहिलं! बक्षीस राहिलं!" कोण थांबतो!

मैदानात पोरांपैकी एकटी गार्गी उरली, कारण तिचा बैल प्रमुख पाहुण्यांच्या टेबलाखाली घुसून तिथेच चाकं फिरवत होता. पाहुण्या निवृत्त हेडबाई होत्या. त्यांनी समोर उरलेल्या एकमेव स्पर्धकाला पहिलं बक्षीस देऊन टाकलं आणि कौतुकानं माइक तिच्यापुढे धरला.

"बिना दोरीचा बैल! चालवला कोणी गं?"

"आईनं," गार्गी म्हणाली.

"वा! आणि बाबांनी काय केलं?"

गार्गीनं माझ्याकडे बघून प्रामाणिकपणे विचार केला.

"बाबांनी सगळ्यांचे मोबाईल बंद केले."