चाळीस माणसांचं लग्न

आत्याच्या नावावर मी रेघ मारली, तेव्हा ती समोर बसून माझ्याच लग्नाचे गहू निवडत होती. त्यासाठीच ती पंधरा दिवसांपूर्वी जामखेडहून आली आहे.

मला आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याला निवांत लग्न हवंय. पारनेरला आमच्या मळ्यात, चाळीस माणसं, मानपान नाही. यादी एक्केचाळीसवर अडली होती.

"झाली चाळीस," मी म्हणाले.

"कुनाला वगळलं गं?" आत्यानं विचारलं.

"तुला. तू रुसतेस, रडतेस, वऱ्हाडाशी भांडतेस. त्याचे मित्र पुण्याहून येणारेत."

तिचे हात थांबले. "बारशात तुझं नाव मी ठिवलं, पोरी."

बाबा, तिचे सख्खे भाऊ, मोबाईल बघत राहिले. आई पटकन म्हणाली, "वन्सं, घर राखायला बी कुनी लागंलच की."

"व्हय, लागंल की," म्हणत आत्यानं सूप पुन्हा हातात घेतलं.

सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही. ही पोस्ट लिहितानाही वाटतंय.

तुमच्या साध्या लग्नातून तुम्ही कोणाला वगळलंत? तोंडावर सांगितलंत का?

सकाळी लिहिते आहे: आत्या पहिल्या एसटीनं गेली. थांब, असं कोणी म्हटलं नाही.