जावयाचा राक्षस आणि माझं साडेतीनचं औषध

मंडईच्या दिवशी मी जावयाच्या राक्षसाचा जीव वाचवला. त्याबद्दल घरात मला अजून माफी मिळालेली नाही.

दिवाळी झाली की आमच्या देवरीकडच्या गावांत पाळीपाळीनं मंडई भरते. दुकानं, दंडारीच्या नाचाची ढोलकी, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुणे. लग्नानंतरच्या पहिल्या मंडईत सासूनं जावयाला सोबत घेऊन गावभर मिरवायचं, ही आमच्या घरची रीत. सुनंदा, म्हणजे माझी बायको, आमच्या लेकीच्या, पल्लवीच्या साखरपुड्यापासून या दिवसाची वाट पाहत होती.

"अजी, तीन वाजता निघाचं म्हणजे निघाचं," तिनं सकाळीच बजावलं. "साऱ्या गावाले माजा जवाई दिसला पायजे!"

जावई निखिल नागपूरचा. गुणी पोरगा. त्यानं पिशवीतून खेळ काढला. आम्ही वीर व्हायचं आणि तो राक्षस चालवणार. "छोटीशी लढाई आहे बाबा, अर्ध्या तासात संपेल."

सुनंदा झाली राणी. चिचगडहून आलेला तिचा भाऊ, माझा साळा गजू झाला पैलवान. मी वैद्य झालो. पल्लवी नियम सांगायला बसली. वीस बाजूंचा फासा टाकायचा. अकरा किंवा जास्त पडले तर वार लागला. मग तलवारीचे सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. जेवढी बेरीज, तेवढे राक्षसाचे प्राण कमी. राक्षसाला प्राण तीस.

इथंच माझी बुद्धी फिरली. मी शेतीखात्यातला माणूस. बांधीबांधीतलं धान कापून सरासरी काढण्यात जन्म गेला. आकडे दिसले की हात शिवशिवतात! सहा बाजूंच्या एका फाशाची सरासरी साडेतीन...

"साडेतीन?" गजूनं फासा उलटापालटा करून पाहिला. "कुठं हाये साडेतीन? एक बाजू साडेतीनची नाही भाऊजी!"

"अरे, सरासरी असते ती!"

"असते त दाखवा!"

त्याला सोडून मी पुढं गेलो. दोन फाशांचे सात. अर्धे वार फुकट जाणार, म्हणजे एका तलवारीचे साडेतीन. तिघांचे मिळून साडेदहा. तीस प्राणांचा राक्षस तिसऱ्या फेरीत खलास!

आणि मला दरदरून घाम फुटला. पहिल्या मंडईला आलेला जावई सासरी हरणार? तेही माझ्या हातून? (मला अपराधी वाटायला फार काही लागत नाही. पाहुण्याला चहा कमी गोड झाला तरी मला झोप येत नाही.)

मी सुनंदाला स्वयंपाकघरात गाठलं. "जवाईबापूला जिंकू द्यायचं. तलवार नको, काठी घे. काठीला एकच फासा."

"कराचं ते करा," ती म्हणाली, "पन तीनच्या आत करा!"

गजूला सांगण्यात अर्थ नव्हता. तो पत्त्यांतसुद्धा भाच्यांना जिंकू देत नाही. त्याला मी म्हणालो, "या राक्षसाला लोखंड लागत नाही. लाकूड लागते."

तो काठी घेऊन तुटून पडला. पण निखिलच्या राक्षसाची कुऱ्हाड आम्हाला लागेचना! तो पुठ्ठ्याच्या आडोशामागं फासा टाकायचा आणि मान हलवायचा. "चुकला, बाबा." पुन्हा फासा. "पुन्हा चुकला." इकडं गजूची काठी बरोबर बसत होती. राक्षस वीस प्राणांवर आला, मग बारावर!

माझा धीर सुटला. मी म्हणालो, "माझा वैद्य राक्षसाला औषध देतो."

"राक्षसाले?" गजू ओरडला. "डोकं ठिकान्यावर हाये का?"

"वैद्याचा धर्म असतो गजू!"

पल्लवीनं ओढणी तोंडात कोंबली. का, ते मला नंतर कळलं.

औषधाला एक फासा, आणि ते कधी चुकत नाही. गजू मारून राहिला, सुनंदा मारून राहिली, मी पाजून राहिलो. राक्षस बाराचा पंधरा व्हायचा, पंधराचा पुन्हा बारा. तीन वाजले. चार वाजले. दिवे लागले. जावयाला खेळातून अर्धवट उठवायचं कसं, म्हणून बसून बसून सुनंदाची साडी चुरगळली. शेवटी मी पुन्हा हिशेब मांडला आणि गार पडलो. अर्धे वार फुकट धरून दोन काठ्यांचा मार सरासरी साडेतीन. माझं औषध सरासरी साडेतीन. तलावात येते तितकं पाणी सांडव्यावरून चाललं होतं! ही लढाई पुढच्या दिवाळीपर्यंत चालली असती.

तेवढ्यात बाहेरून शेजारीण ओरडली, "सुनंदाबाई, जवाई कुठं हाये वो? दंडार सरली, दुकानं उठून राहिली!"

सुनंदा उभी राहिली. पदर खोचला. "आण ती तलवार!"

"अगं, सरासरी..."

"चुलीत घाला सरासरी!"

तिनं फासा टाकला. वीस! मग दोन फासे. सहा आणि सहा! राक्षसाच्या बारा प्राणांतला एकही उरला नाही.

मी डोळे मिटून घेतले. आता जावई रुसणार...

"मेला!" निखिल टुणकन उडाला. "एकदाचा मेला! अहो बाबा, पहिल्या मंडईत सासऱ्यांना हरवायचं कसं, म्हणून मी पहिल्या फेरीपासून कुऱ्हाड चुकवतोय! आणि तुम्ही त्याला औषध पाजताय!"

"बेटा, मी तर तुलाच जिंकवत होतो!"

पल्लवी हसून हसून लोळत होती. दोन्हीकडची खबर तिला होती. गजूनं काठीचा फासा भिंतीवर आपटला. "म्हणजे दोघंबी हारून राहिले होते? मंग मी काऊन लढून राहिलो होतो?"

आम्ही निघालो तेव्हा आठ वाजले होते. धावत मंडईत पोचलो. दुकानं उठलेली, गाव पांगलेलं. जावई पाहायला उरला होता एक शिंगाडेवाला, तोही टोपली डोक्यावर घेऊन निघालेला. त्याचे उरलेले शिंगाडे घेऊन सुनंदानं त्यालाच जावई दाखवला.

परतताना ती म्हणाली, "येत्या मंडईले राक्षस मरो का जगो, मी तीन वाजता निघीन!"

मी मनात गणित केलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "यंदा आठ, येत्या वर्षी तीन. म्हणजे सरासरी साडेपाच."

तिनं एक शिंगाडा उचलला. मी पळालो नाही. अर्धे वार फुकट जातात, हा माझा हिशेब होता. चष्म्याची नवी काच आणायला उद्या गोंदियाला जायचं आहे.