चेतनाचे शब्द

मयुराची केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला बदली झाली, तेव्हा तिची लेक चेतना दीड वर्षाची होती. जुन्या सरकारी क्वार्टरमधलं नळाचं पाणी मयुरा न चुकता उकळून, गार करूनच लेकीला पाजायची.

अडीच वर्षांची होता होता चेतनाच्या तोंडातली ‘चिमणी’ गेली, मग ‘भोपळा’ गेला. “दिल्लीतल्या मुलांचं मराठी असंच जातं गं,” शेजारच्या काकू म्हणाल्या आणि मयुराला ते पटलं. पण एके दुपारी तहानलेली पोर भांड्याकडे बोट दाखवून नुसती रडत राहिली. तिला हिंदीतलं ‘पानी’सुद्धा म्हणता येईना.

तपासणीत तिच्या रक्तात शिसं निघालं, मेंदूवर परिणाम करून शब्द पुसणारं. ते जुन्या पाइपांमधून पिण्याच्या पाण्यात मिसळत होतं.

“पर मैं तो हमेशा उबालकर देती थी, डॉक्टरसाहब!” मयुरा कळवळून म्हणाली.

“उबालने से सीसा नहीं जाता,” डॉक्टर खाली बघत म्हणाले.

मयुराने घर बदललं, लेकीच्या रक्तातलं शिसं हळूहळू कमी झालं. गेलेले शब्द मात्र थोडेच परत आले. “तुला कुठे माहीत होतं गं?” नवरा जयदीप समजावतो. मयुरा मान हलवते. पण लेकीला पाणी आता तोच पाजतो. मयुराच्याने अजूनही ग्लास तिच्या ओठांशी नेववत नाही.