दोनशे एकोणचाळीस

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी टाइम ऑफिसात महिनाअखेरची हजेरी काढत बसलो होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. महाळुंग्याच्या थांब्यावर पहिल्या शिफ्टच्या बसची वाट बघताना दत्ताच्या छातीत कळ आली, तो कट्ट्यावर बसला आणि उठलाच नाही. चव्वेचाळीस वर्षांचा होता. नव्या कंपनीत त्याचे एकशे अकरा दिवस झाले होते. आदल्या रविवारी त्याने एकशे सात सांगितले होते, पुढचे चार मी मिळवले... तो सध्या कुठल्या कंपनीत आहे हे मी कधीकधी विसरायचो. दिवस कितवा, ते मात्र तो न विचारता सांगायचा.

लातूरकडच्या एका कॉलेजात आम्ही दोघांनी गणित घेऊन पदवी मिळवली; त्याला पहिला वर्ग, मी कसाबसा पास. चाकणला बरोबरच आलो, मोशीत एका खोलीत राहिलो. मला टायपिंग येत होतं म्हणून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात लागलो आणि यथावकाश कायम झालो. दत्ता तिथेच पॅकिंगला टेम्पररी म्हणून लागला. आमच्या या पट्ट्यात दोनशे चाळीस हा आकडा शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही ठाऊक असतो. वर्षात इतके दिवस भरले की टेम्पररी माणूस कायम होण्याचा हक्क सांगू शकतो. म्हणून ते भरण्याआधीच त्याला 'ब्रेक' देतात. ब्रेक म्हणजे काढून टाकणं, पण तसं कुणी म्हणत नाही.

दत्ताचं मात्र त्या संख्येवर खरोखरच प्रेम होतं. तो भरायचा त्या क्रेटमध्येही दोनशे चाळीसच नग बसत, सहा गुणिले आठच्या ओळी, पाच थर. "एवढी मनमिळाऊ संख्या दुसरी नाही लेका," तो डबा खाताना सांगायचा. "दोन घे, तीन घे, पाच, सोळा, अठ्ठेचाळीस... वीस विभाजक हायत तिला. हिच्याहून लहान एकाही संख्येला एवढे नाहीत. कुणालाही सामावून घेती. आणि शेजारी बघ कोण बसलेत! अलीकडं दोनशे एकोणचाळीस, पलीकडं दोनशे एक्केचाळीस. दोन्ही मूळ संख्या. एक आणि स्वतः सोडून कुणाला भाग जाऊ देत नाहीत. गेटवर दोन वॉचमन उभे केल्यासारखे." मग स्वतःच हसायचा. "आपल्याला नेहमी अलीकडचाच आडवतो."

एका वर्षी तो वॉचमन झोपला. ब्रेकची यादी करणारा सुपरवायझर लांब रजेवर गेला आणि दत्ताचं नाव यादीत घालायचं राहून गेलं. दिवस भरले. हे फक्त दत्ताला आणि मला माहीत होतं. दोनशे चाळिसाव्या दिवशीच संध्याकाळी साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तो लाइट गेलेला दिवस धरलाय का तुम्ही? तासाभरात सगळ्यांना घरी पाठवलं होतं. काम कुठं झालं त्या दिवशी?"

"हजेरीच्या मशीनवर पंच झालेत, साहेब."

"तुम्ही स्वतः पर्मनंट आहात ना? मग झालं तर."

मी जागेवर येऊन तो दिवस काढला. त्यासाठी एकच कळ दाबावी लागली.

दत्ता खिडकीशी आला. ब्रेकचा कागद हातात धरून म्हणाला, "त्या दिवशी आपण दोघांनी बरोबरच पंच केला होता ना रे?"

"मशीन बंद होतं," मी म्हणालो.

मशीनला बॅटरी असते, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. त्याने कागदावरच्या दोनशे एकोणचाळीसवर बोट ठेवलं. "मूळ संख्या हाय," तो म्हणाला. "बसली आडवी." कागद घडी करून खिशात घातला. "चल, चहा तरी पाज."

त्यानंतरची नऊ वर्षं तो कंपन्या बदलत राहिला. सात-साडेसात महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा एकपासून मोजणी. दर रविवारी आमच्याकडे येऊन माझ्या मुलीला गणित शिकवायचा. तिचा अपूर्णांकांचा धाक त्यानेच घालवला. त्या कागदाचा विषय त्याने एकदाही काढला नाही आणि त्याला खरंच मशीन बंद वाटलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तो गेल्यावर भेटायला आलेली माणसं म्हणत होती, नशिबात नव्हतं बिचाऱ्याच्या. मीही मान हलवत होतो. त्याच्या जागी कंपनीने दुसऱ्याच दिवशी माणूस घेतला म्हणे. त्या माणसाचा तो पहिला दिवस.

तेराव्यानंतर कागदपत्रं बघायला वहिनींनी बोलावलं. दाराच्या मागे एका खिळ्याला जुनी कॅलेंडरं एकावर एक टांगलेली होती. प्रत्येक चौकोनात पेन्सिलने बारीक आकडा. मी ते वर्ष शोधलं. लाइट गेलेल्या दिवसाच्या चौकोनात एकशे त्रेचाळीस, आणि खाली त्याच्या नीटस अक्षरात: 'लाइट नाही. मशीन चालू. दोघांचे पंच.' पुढची पानं उलटत गेलो. दोनशे चाळीसभोवती गोल होता. तो त्याने खोडला नव्हता.

"हे एवढं वर्ष कधी रद्दीत देऊ दिलं नाही त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, राहू दे, साक्षीदार हाय माझा. कोण साक्षीदार, विचारलं तर म्हणायचे, येईल तो कधीतरी... भावजी, तुम्हाला ठाऊक आहे का हो, कोण ते?"

मी कॅलेंडर खिळ्याला परत अडकवलं. ते नीट बसेना. चहा न घेताच निघालो.

वहिनींना तेव्हा दिलं नाही ते उत्तर इथे देतो. मशीन चालू होतं. त्या वर्षी दत्ताचे दोनशे चाळीस दिवस भरले होते.