नेतृत्व सगळ्यांचं, माइक माझा

ताज्या पत्रकाच्या शाईचा वास आला की मला आमची ती व्हिडिओ मीटिंग आठवते. कॉलेजच्या मुलींची बंद पडलेली एसटी परत सुरू करायची होती. मी परभणीत, नुकत्याच छापून आलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी, बाकीचे कार्यकर्ते आपापल्या गावी. गोंगाट नको म्हणून मी सगळ्यांचे माइक बंद केले आणि 'नेतृत्व सगळ्यांचं' यावर पाऊण तास तावातावाने बोललो. जिंतूरकडची ताई सारखी हात हलवत होती. मला वाटलं, दाद देतेय. शेवटी तिचा माइक उघडला. "दादा, मी डेपोत बसले हाय. सायेब गाडी सोडायला तयार हायेत, फक्त टाइम विचारायलेत. तुमी काय थांबंनात, मग मीच सकाळी सातचा सांगितला!" "मला न विचारता?" मी भडकलो. आता मीटिंग तीच चालवते. मला दोन मिनिटं मिळतात, तीही भांडून.