निळी गाठ

लग्न होऊन करमाळ्याकडच्या त्या कोरड्या गावात आले तेव्हा मी भीमेकाठची, पाण्याचा माज असलेली पोर होते. एकोणीसशे तीसच्या आतबाहेरची गोष्ट. घरच्या आडाचा दोर म्हणजे नुसत्या गाठीच गाठी! दोर गुंडाळताना तळहात सोलून निघायचे. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता, पाणी हाताशी आलं होतं. एवढ्या लांब दोराचं करायचंय काय, म्हणून मी गाठींचा सगळा तुकडा कोयत्यानं तोडला आणि चुलीत घातला.

सासूला मी आत्याबाई म्हणत असे. त्या रानातून आल्या आणि उरलेला दोर हातात घेऊन मटकन खाली बसल्या. ओरडल्या असत्या तर मीही तोंड सोडलं असतं, मी काय कमी होते? पण त्या नुसतं दोराचं तुटकं टोक चाचपत राहिल्या.

मग नवऱ्याकडून कळलं. दुष्काळात पाणी जिथवर खाली जाई, तिथं दोराला गाठ पडे. दोन गाठींत कधी सात वर्षं, कधी तीन, एकदा तर लागोपाठ दोन. कशाला काही मेळच नव्हता. त्यातली एक गाठ निळ्या चिंधीची. त्या साली पाणी तिथवर उतरलं तरी घरची माणसं हस्ताच्या पावसाची वाट बघत बसली. उशिरा निघाली, आणि वाटेतच आत्याबाईंची तान्ही लेक गेली. तेव्हापासून घरात ठरलेलं, निळी गाठ आडाच्या चाकावर आली की गाव सोडायचं. तीच मी जाळली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन वर्षांनी मृग कोरडा गेला, हस्तही कोरडा गेला. माझ्या मांडीवर पाच महिन्यांची लेक. नवरा म्हणे, अजून चित्रा बाकी आहे, आणि सासुरवाडीला कुठल्या तोंडानं जायचं? आत्याबाई रोज स्वतः नव्या लांब दोरानं पोहरा सोडत, दोर चाचपत. मी रोज चाकापाशी दोराला चुन्याची खूण करी. एका सकाळी त्या वळून म्हणाल्या, "गाडी जुंप. गाठ कुटं हुती, मला न्हाय आठवत. म्हणून आजच निगायचं."

माझ्या माहेरी पोचलो आणि चौथ्या दिवशी धो धो पाऊस. आमच्या गावातही पडल्याची बातमी आली. माझ्या भावांनी नवऱ्याची यथेच्छ थट्टा केली, तो धुसफुसत राहिला. आत्याबाई मात्र नातीला मांडीवर घेऊन ओसरीवर बसल्या आणि पावसाकडे बघत रडल्या. मीही रडले.

परतल्यावर त्यांनी माझ्या लेकीच्या दुपट्याची चिंधी फाडून माझ्या हातात दिली. चुन्याची शेवटची खूण दोरावर होती. मी गाठ तिच्या दोन हात अलीकडे मारली. नवरा वैतागला, अशानं पुढच्या खेपेला आणखीच आधी निघावं लागेल, उगाच पळापळ.

आत्याबाईंनी गाठ ओढून पक्की केली. "हू दे की," त्या म्हणाल्या. "उगाच पळालेली पोर जित्ती हाय."