आजोबांचा छोटा दांडा

इरा आणि निनाद,

जीप अजून का विकली नाही, असं तुम्ही फोनवर विचारलंत. तुमच्या बाबांच्या मते आजी हट्टी आहे. ते तुम्ही खरं मानण्याआधी सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आजोबा गेले आणि मी देवीशी बोलणं टाकलं. कुलदेवीच्या डोंगरावरून दर्शन घेऊन आम्ही पनवेलला परतलो आणि त्याच आठवड्यात त्यांचं हृदय थांबलं. सगळे म्हणत, "अचानक गेले, पण दर्शन घडलं, भाग्यवान." मला त्या शब्दाची चीड यायची. तिच्या दारात आलेला माणूस तिने असा उचलावा? त्यात जाऊबाईंनी सुनावलं, "आता ओटी भरायला तू नको जाऊस हं. कुणी सवाष्ण पाठव." म्हणजे नवरा गेला तो गेलाच, वर देवीही गेली.

मग जीप बिघडली. रस्त्यावर गिअर बदलताना कडकड वाजे, दांडा अडकून बसे, वळताना गाडी अडखळे. गॅरेजवाल्याने ऐकूनच निकाल दिला, गिअरबॉक्स गेला. बाबा म्हणाले, "आई, भंगारात दे." मी माझ्या पद्धतीने तपासलं. इंजिन बंद ठेवून गिअर टाकले, अलगद पडले. इंजिन चालू करून उभ्या गाडीत पहिला टाकला, तरी आवाज नाही. म्हणजे क्लच नीट काम करत होता. त्यापुढे मला काही कळेना.

शेवटी ठरवलं, भंगारात देण्याआधी एकदा जीप डोंगरावर न्यायची, ओटी मीच भरायची आणि देवीला सांगायचं, तुझं माझं संपलं.

पनवेलबाहेर पडते तोच करंजाड्याच्या वळणावर चाकं फरफटली, जीप थांबली, गिअर निघेना. मागे हॉर्नवर हॉर्न. मी दांड्याला हिसके देत होते आणि रडत होते. मागच्या मोटारीतून पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ उतरले.

"भाभी, तिला कशाला मारताय? बिचारी उलटून बोलते का?"

"गिअरबॉक्स गेलाय."

"कोण म्हणतो? तुम्ही वळलात ते मी मागून बघितलं. पुढची नि मागची चाकं आपसात भांडतायत. सारी जवानी कुवेतच्या वाळूत गाड्या चालवल्या मी." त्यांनी आत डोकावलं. "या अल्ला, फोर-व्हील लागलेलाय! डांबरावर?"

जीपला दोन दांडे आहेत. मोठा गिअरचा, छोटा चारही चाकांना जोर देणारा. गावातलं चालवणं माझं, डोंगर आजोबांचा. छोट्याला मी कधी हात लावला नव्हता. त्यावरच्या खुणाही त्यांच्या तळव्याने पुसून गेल्या होत्या. चिखलात तो लावायचा आणि पक्का रस्ता लागताच काढायचा, नाहीतर चाकं एकमेकांना ताणतात आणि गिअर अडकतात.

मी तो ओढू लागले.

"ओढू नका! क्लच दाबून सरळ मागे सरकू द्या जराशी. ताण गेला की आपसूक निघेल."

त्यांनी हात पसरून मागची वाहनं थांबवली. मी क्लच दाबला आणि चढावरून जीप मागे सरकू दिली. दांडा दोन बोटांनी निघाला.

"फोर-व्हीलवर शेवटची कुणी चालवली? साहेबांना म्हणावं, म्हातारे झालात."

"ते गेले."

त्यांनी छातीवर हात ठेवला. "माफ करा, भाभी." आणि नाव न सांगता निघून गेले.

मी जीप कडेला घेऊन बसून राहिले. कुलूप लावल्यावर पुन्हा पुन्हा ओढून पाहणारे आजोबा दांडा काढायला विसरले होते. म्हणजे डोंगर उतरतानाच त्यांच्या छातीत दुखत होतं. मी शेजारी बसले होते आणि ते बोलले नाहीत. अचानक वगैरे काही नव्हतं. दुखणं घेऊनच ते देवीपुढे उभे राहिले असतील. माझा राग तिच्यावरून उठला आणि त्यांच्यावर गेला. त्यांच्यावर रागावणं मला जमतं, आयुष्यभराची सवय आहे.

डोंगराच्या पायथ्याशी छोटा दांडा मीच लावला. वर देवळात गुरवीणबाईंपुढे ओटीचं ताट धरलं. मी जाऊबाईंचं बोलणं सांगितलं.

"द्या ओ आजी. देवी काय तुमचं कपाल बगते? तिला खण पायजे."

संपलं, असं मी म्हटलं नाही. काही मागितलंही नाही. नुसती बसले आणि बऱ्याच महिन्यांनी हात जोडले. ते गृहस्थ तिने पाठवले का, मला माहीत नाही. मी ओढत होते तोवर काही सुटलं नाही, एवढं खरं. त्या गृहस्थांची आणि गुरवीणबाईंची मी ऋणी आहे.

आजोबा नाहीत. ते बोलले नाहीत याचा राग अजून आहे. देवीकडे जाणं आहे, ओटी मीच भरते. जीप आहे, गिअर नीट पडतात. डोंगर लागला की छोटा दांडा लावते आणि खाली उतरल्यावर आठवणीने काढते.